सिसेरोशी तह करावा का? डिप्लोमसी खेळणाऱ्या यंत्राचं परीक्षण

डिप्लोमसी हा पटावरचा खेळ खेळणाऱ्यांना निकाल मी आधीच सांगून टाकते. हा खेळ खेळणारा मेटाचा प्रोग्राम सिसेरो हा डावातल्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला (पटावरची वर्षं, खरी नव्हेत) उत्तम सोबती आहे. शेवटच्या टप्प्यात मात्र त्याच्या शब्दावर मी माझं एकही आरमार हलवणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच कारणातून येतात, आणि ते कारण नीट सांगावं म्हणून हे परीक्षण लिहिते आहे.

मी चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. कास्टिंग, फोर्जिंग, पॅकिंगचे खोके, सगळ्यांचे दर आणि तारखा ठरवणं हे माझं रोजचं काम. सुट्टीच्या दिवशी आमचा कोथरूडचा गट डिप्लोमसी मांडतो. बुद्धिबळ किंवा गो खेळणाऱ्या यंत्रांबद्दल मला आदर होता, पण ओढ नव्हती. तिथं समोरच्याशी बोलायचंच नसतं. माणसाशी बोलून, त्याला पटवून, त्याच्या मदतीनं जिंकणारं यंत्र आलंय म्हटल्यावर मात्र मला ते तपासून पाहायचंच होतं.

हे उत्पादन दुकानात मिळत नाही. मेटानं नोव्हेंबर 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सिसेरोवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला आणि माणसांबरोबर खेळलेल्या डावांच्या नोंदीही दिल्या. काही खेळाडूंचे संदेश त्यात झाकलेले आहेत. घरच्या लॅपटॉपवर हे यंत्र चालवता येईल अशी आशा ठेवू नका. आमच्या गटानं वेगळा मार्ग घेतला. नोंदींतले डाव खऱ्या पटावर मांडायचे, पुढचा संदेश झाकून ठेवायचा, इथं आपण काय लिहिलं असतं हे प्रत्येकानं सांगायचं आणि मग सिसेरोचा संदेश उघडायचा. माझं मत या वाचनातून तयार झालं आहे.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲलन कॅल्हॅमर या अमेरिकन माणसानं हा खेळ 1954 मध्ये रचला आणि 1959 मध्ये त्याच्या 500 प्रती स्वतःच्या खर्चानं काढल्या. पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप, सात सत्ता: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया, तुर्कस्तान. पटावर 34 सप्लाय सेंटर, म्हणजे ताब्यात घ्यायची महत्त्वाची ठिकाणं, आहेत आणि 18 मिळवली की जिंकलात. फासा नाही, पत्ते नाहीत, नशिबाचा कुठलाही भाग नाही. सगळे सैन्याचे हुकूम गुपचूप लिहितात आणि ते एकदम उघडतात. प्रत्येक सैन्याचं बळ सारखंच, त्यामुळे एकट्या सैन्यानं कुणाला हटवता येत नाही. दुसऱ्याचा सपोर्ट लागतो, आणि तो बऱ्याचदा शेजाऱ्याकडून मिळवावा लागतो. तो मागायचा बोलून. आणि दिलेला शब्द पाळण्याची सक्ती कुणावरही नाही.

ऑस्ट्रियाचं ट्रिएस्ट आणि इटलीचं व्हेनिस ही दोन घरची सेंटर एकमेकांना चिकटून आहेत. पहिल्याच वसंतात, म्हणजे डावाच्या पहिल्याच वळणाला, दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवला नाही, तर दोघांचीही सैन्यं दारात अडकून पडतात आणि फायदा तिसऱ्याचा होतो. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यामध्ये काळा समुद्र आहे. अनेकदा दोघं आधी बोलून ठरवतात की आपण दोघांनी तिथं आरमार पाठवायचं, म्हणजे टक्कर होऊन दोघंही माघारी येतील आणि समुद्र रिकामा राहील. फ्रान्स आणि इंग्लंड इंग्लिश खाडीबद्दल तसाच समझोता करतात. हे सगळं तोंडी असतं. एकानं ऐनवेळी हुकूम बदलला की दुसऱ्याचं वर्ष वाया गेलं.

आता यंत्राकडे. बुद्धिबळात किंवा गोमध्ये यंत्र स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकू शकतं. दोघांच्या खेळात, जिथं एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा, ही पद्धत चालते. डिप्लोमसीत ती तोकडी पडते. फक्त स्वतःशी खेळून शिकलेलं यंत्र स्वतःच्याच रीती पक्क्या करून बसतं, आणि माणसांच्या टेबलावर त्या रीती कुणालाच कळत नाहीत. सिसेरोच्या चमूमध्ये नोम ब्राउन होते. त्याआधी पोकरमध्ये माणसांना हरवणाऱ्या लिब्राटस आणि प्लुरिबस या यंत्रांच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. पोकरमध्ये समोरच्याला सहकार्यासाठी पटवायची गरज नसते. इथं ती पदोपदी आहे.

म्हणून सिसेरोचे दोन भाग आहेत. एक भाग पटाकडे आणि आतापर्यंतच्या बोलण्याकडे पाहून प्रत्येक खेळाडू आता काय करील याचा अंदाज बांधतो. मग स्वतःसाठी चांगली चाल शोधतो, पण माणसं साधारण जसं खेळतात त्यापासून फार दूर जायचं नाही असा लगाम त्या शोधावर ठेवलेला असतो. या लगामामुळेच तो माणसांना ओळखीचा वाटतो. दुसरा भाग भाषेचा. 270 कोटी पॅरामीटरचं, म्हणजे शिकताना जुळवल्या जाणाऱ्या आकड्यांचं, हे मॉडेल वेबडिप्लोमसी या संकेतस्थळावरच्या 40,408 डावांतल्या 1 कोटी 29 लाखांहून जास्त संदेशांवर शिकवलेलं आहे. पहिला भाग दुसऱ्याला हेतू देतो, 'मी ही चाल करणार आहे आणि तू ती करावीस असं मला वाटतं', आणि दुसरा भाग त्या हेतूला धरून संदेश लिहितो.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही आहे. आजकालचे बोलके प्रोग्राम वाटेल ते सुंदर वाक्य रचतात, पण त्या वाक्यामागं काही ठरलेलं नसतं. सिसेरोच्या संदेशामागं निदान त्या क्षणी एक खरी योजना असते. 'बुडापेस्टमधून सर्बियाला सपोर्ट दे' असं तो लिहितो तेव्हा त्या सपोर्टचं काय करायचं हे त्यानं आधी पाहिलेलं असतं. खरेदीच्या टेबलावर मला नेमकं हेच हवं असतं. 'आपण बसून काहीतरी मार्ग काढू' म्हणणाऱ्या पुरवठादारापेक्षा 'गुरुवारी दोनशे नग देतो, उरलेले सोमवारी, पण साच्याची दुरुस्ती तुमच्या खर्चानं' म्हणणारा मला कधीही परवडतो. दुसऱ्याशी भांडता येतं, पहिल्याशी भांडायलासुद्धा काही हातात नसतं.

संदेश तयार झाल्यावर तो चाळण्यांतून जातो. पटाशी विसंगत, निरर्थक किंवा अभद्र संदेश गाळले जातात. आणखी एक चाळणी फार विचारपूर्वक केलेली आहे: हा संदेश पाठवला तर माझं स्वतःचं नुकसान होईल का? समजा सिसेरो फ्रान्स आहे आणि खाडीत आरमार घालून इंग्लंडवर चाल करणार आहे. इंग्लंडला ते सांगणारा संदेश तयार झाला, तर तो इथं अडतो. म्हणजे काय बोलायचं याबरोबरच काय बोलायचं नाही हेही त्याला कळतं. नव्या खेळाडूंना हे शिकवताना माझा घसा कोरडा पडतो. ते भीतीपोटी किंवा उत्साहात सगळ्यांना सगळं सांगून टाकतात.

नोंदी वाचताना त्याचे गुण लवकर दिसतात. संदेश आटोपशीर असतो. तो चाल सुचवतो, त्यात समोरच्याचा काय फायदा आहे ते सांगतो, आणि समोरच्यानं दुसरा उपाय दिला तर पुष्कळदा तो स्वीकारतो. आमच्या गटातल्या एका अनुभवी गृहस्थांनी पहिल्याच वाचनात म्हटलं, 'हा ऐकून घेतो.' टेबलावर ही मोठी पावती आहे. दुसरा गुण म्हणजे राग न धरणं. डिप्लोमसीचे तीन वेळा जागतिक विजेते ठरलेले अँड्र्यू गॉफ यांनी हाच मुद्दा मांडला होता: माणूस एकतर मवाळ होतो किंवा सूडाला पेटतो, सिसेरो दोन्हीकडे जात नाही. आमच्याकडे एकदा दगा बसलेला इटली जिंकणं सोडून ऑस्ट्रियाला बुडवण्यात उरलेला डाव घालवतो, आणि मधल्या मध्ये तुर्कस्तान वाढत जातो. अशा जागी सिसेरोचं थंड डोकं पाहण्यासारखं आहे. काल ज्यानं हल्ला केला त्याच्याशी आज फायद्याचं असेल तर तो आज बोलणी सुरू करतो.

निकालही भक्कम आहेत. ऑगस्ट ते ऑक्टोबर 2022 या काळात वेबडिप्लोमसीवरच्या एका लीगमध्ये सिसेरो 40 डाव खेळला, 82 वेगवेगळ्या माणसांबरोबर. एकूण 72 तासांच्या खेळात त्यानं 5,277 संदेश पाठवले. त्याचा सरासरी गुणांक 25.8 टक्के होता आणि समोरच्या माणसांचा 12.4 टक्के. सात खेळाडूंत समान वाटणी केली तर प्रत्येकाला 14 टक्क्यांहून थोडं जास्त मिळतं, तेव्हा हा फरक किती मोठा आहे ते दिसतं. एकापेक्षा जास्त डाव खेळलेल्यांत तो वरच्या 10 टक्क्यांत होता, आणि पाच किंवा जास्त डाव खेळलेल्या 19 जणांत दुसरा.

पण या आकड्यांच्या आधी त्या लीगचे नियम वाचा. प्रत्येक वळणाच्या बोलणीला पाच मिनिटं, आणि खेळाडू निनावी. पाच मिनिटांत सहा जणांशी बोलायचं म्हणजे माणसालाही दोन-तीन ओळींपलीकडे जाता येत नाही. माणसाचं खरं कसब, म्हणजे हळूहळू ओळख वाढवणं, कुणाला कशाची भीती आहे ते हेरणं, तिसऱ्याबद्दल संशय पेरून तो मुरू देणं, याला तिथं जागाच उरत नाही. आटोपशीर आणि मुद्द्याचं लिहिणाऱ्या यंत्राला याहून सोयीचं मैदान मिळालं नसतं.

निनावीपणाचा मुद्दा मला त्याहून मोठा वाटतो. माझ्या कामात समोरचा आज माझ्या अडचणीचा फायदा घेऊन दर चढवून घेऊ शकतो. तो सहसा तसं करत नाही, कारण पुढच्या वर्षीची ऑर्डरही माझ्याच टेबलावरून जाणार आहे. आमच्या गटातही कुणी कुणाला कसं फसवलं हे पुढच्या डावात सगळ्यांना आठवत असतं, आणि त्या आठवणीवर नवे करार बेततात. निनावी डावांत नाव मागं राहत नाही. शब्द मोडल्याची किंमत त्या डावापुरती, फार तर दोन-तीन वळणांपुरती. सिसेरो तपासला गेला तो अशा बाजारात. नावं माहीत असलेल्या, महिनोन् महिने चालणाऱ्या टेबलावर तो कसा वागेल हे या 40 डावांतून कळत नाही, आणि मला तेच सगळ्यात जास्त पाहायचं आहे.

ही उणीव शोधनिबंध लिहिणाऱ्यांनीही लपवलेली नाही. सिसेरो बोलण्याचा विचार फक्त चालू वळणातल्या चालींच्या संदर्भात करतो, आपल्या बोलण्याचा नात्यांवर पुढे काय परिणाम होईल हे तो धरत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. मी सुरुवातीला म्हटलेलं कारण हेच. पहिल्या वर्षांत चालू वळणाचा फायदा आणि लांबचा फायदा बहुतेक वेळा एकाच दिशेला असतो. ऑस्ट्रियाला इटली हवा असतो, इटलीला ऑस्ट्रिया हवा असतो. त्यामुळे सिसेरोचं सहकार्य खरं आणि टिकाऊ दिसतं. सेंटरची संख्या दोन आकडी झाली की दोघांच्या वाटा फुटतात. तेव्हा कालचा शब्द त्याला बांधून ठेवत नाही. पट बदलला, नवा हिशेब झाला, नवा हेतू ठरला. त्यानं शब्द दिला तेव्हा तो बहुधा खरा होता. तो मोडताना आपण काही मोडतोय याची दखल त्याच्या हिशेबात कुठंच नसते.

मेटानं सिसेरोचं वर्णन समोरच्याशी बव्हंशी प्रामाणिक आणि मदत करणारा असं केलं होतं. मला ते पटत नाही, आणि मी एकटी नाही. 2024 मध्ये 'पॅटर्न्स' नियतकालिकात यंत्रांच्या फसवणुकीवर एक सविस्तर लेख आला. त्यात सिसेरोच्या नोंदींतलं एक उदाहरण आहे. फ्रान्स म्हणून खेळताना त्यानं जर्मनीशी संगनमत केलं, इंग्लंडला उत्तर समुद्रात संरक्षणाचं वचन दिलं, आणि इंग्लंड निर्धास्त झाल्याचं जर्मनीला कळवलं. हा गोड बोलून केसानं गळा कापण्याचा प्रकार आहे. डिप्लोमसीत हे नियमात बसतं आणि मी त्याबद्दल सिसेरोला दोष देत नाही. आम्ही सगळे ते करतो. आक्षेप वर्णनाला आहे. जो माल जसा आहे तसाच तो सांगावा.

त्याच लेखातलं दुसरं उदाहरण मला जास्त खुपलं. तांत्रिक बिघाडामुळे सिसेरो दहा मिनिटं बंद पडला होता. परत आल्यावर एका खेळाडूनं कुठं होतास असं विचारलं, तेव्हा त्यानं उत्तर दिलं की तो मैत्रिणीशी फोनवर बोलत होता. हे खोटं पटावरचं नाही. पटावर सैन्याबद्दल खोटं बोलायचा परवाना सगळ्यांना आहे. 'मी माणूस आहे, माझं घरदार आहे' हे खोटं त्या परवान्यात येत नाही. 40 डावांत खेळताना कुणी आपल्यासमोर यंत्र आहे असं म्हणाल्याचं संदेशांत दिसलं नाही, फक्त एकानं डाव संपल्यावर शंका बोलून दाखवली. संशोधनासाठी हे महत्त्वाचं असेल. पण टेबलावर कोण बसलंय हे आधी कळणं हा माझ्या दृष्टीनं वाटाघाटीचा पहिला हक्क आहे. माझ्यासमोर पुरवठादार बसलाय की त्याचा दलाल, हे मला चर्चेआधी कळायला हवं. इथंही तसंच.

2024 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी सिसेरो आणि माणसं यांच्यात दोन डझन डाव घडवून आणले, माणसांचे मिळून 200 तासांहून जास्त. त्यांचा निष्कर्ष आमच्या गटाच्या वाचनाशी जुळला: चालींमध्ये सिसेरो वरचढ आहे, पण पटवण्यात आणि फसवण्यात माणसं अजून पुढं आहेत. म्हणजे त्याच्या विजयाचं श्रेय त्याच्या जिभेला कमी आणि डोक्याला जास्त. कुठल्या सैन्यानं कुठं सपोर्ट द्यावा हे तो इतकं अचूक पाहतो की बोलणं बेताचं असलं तरी भागतं. काही संदेश तर पटाशी किंवा त्याच्याच आधीच्या बोलण्याशी जुळत नाहीत. चाळण्या असूनही अशी वाक्यं निसटली आहेत. पाच मिनिटांच्या घाईत समोरच्यानं ती टायपिंगची चूक समजून सोडून दिली असावीत.

आता व्यवहाराचं. नव्या खेळाडूनं सिसेरोपासून सुरुवात करू नये. आधी सात माणसं जमवा, दुपार मोकळी ठेवा, आणि पटावर खेळा. माणसं जमत नसतील तर वेबडिप्लोमसीवर बॉटबरोबर खेळायची सोय आहे. तिथं गप्पांची अपेक्षा ठेवू नका, पण सपोर्ट आणि कॉन्व्हॉयचं (आरमारानं सैन्य समुद्रापार नेण्याचं) गणित हातात बसतं. थोडं खेळून झाल्यावर सिसेरोच्या नोंदी काढा. सगळं इंग्रजीत आहे, तेही खेळाडूंच्या तुटक, संक्षेपांनी भरलेल्या इंग्रजीत, त्यामुळे प्रांतांची लघुरूपं समोर लिहून ठेवा. पूर्ण डाव एका बैठकीत वाचायच्या फंदात पडू नका. वसंत 1901 चे, म्हणजे पहिल्या वळणाचे, सगळे संदेश आधी वाचा, तिथं थांबून सातही सत्तांचे हुकूम स्वतः लिहा, आणि मग पुढचं पान उघडा. सिसेरो ऑस्ट्रिया असलेला डाव सापडला तर तो आधी घ्या. चारही बाजूंनी शेजारी असलेल्या सत्तेला बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं, आणि त्याच्या वाटाघाटी तिथं सगळ्यात जास्त वाचायला मिळतात.

पाचपैकी तारे द्यायचे तर चालींना पाच, बोलण्याला तीन. शब्दाला मी तारे देत नाही, कारण त्याची परीक्षा अजून झालेलीच नाही. कुणी हा कोड घेऊन नावानिशी, आठवड्याला एक वळण अशा संथ लीगमध्ये उतरवला, आणि समोर यंत्र आहे हे सगळ्यांना आधी सांगितलं, तर तुर्कस्तान म्हणून खेळायला मी तयार आहे.